सातबाऱ्यावरचं आईचं नाव



गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला होता. प्रत्येकानं आपल्या घराण्याचा वंशवृक्ष काढून आणायचा. मुलांनी झाडं छान रंगवली होती. कुणी फांद्यांवर पोपटसुद्धा बसवले होते! एका मुलीचा कागद बघताना मात्र मी थबकले. बुंध्यावर पणजोबा, मग आजोबा, मग वडील आणि काका आणि सगळ्यात वरच्या फांदीवर तिचा धाकटा भाऊ.

मी विचारलं, "अगं, यात तू कुठं आहेस?"

ती अगदी सहज म्हणाली, "मी कशी असेन बाई? मी तर लग्न होऊन जाणार ना!"

कुणी रागावून शिकवलेलं नव्हतं तिला हे. घरातल्या कागदावर जसं होतं तसं तिनं उतरवून आणलं होतं. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला माझ्या आईच्या शेताची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

माझ्या आईचं माहेर फुलंब्री तालुक्यातलं. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, एसटीनं फार वेळ लागत नाही. तिथं आजीच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. लहानपणी मला वाटायचं, त्यात दागिने असतील. निघाले ते कागद! काही चक्क उर्दूत. कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला कारभार उर्दूत चाले. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त उर्दू गुरुजींनी ते कागद वाचून दाखवले.

त्या कागदांतून घराण्याची गोष्ट उलगडत गेली. पणजोबा दुसऱ्याची जमीन कसायचे, म्हणजे ते कूळ होते. हैदराबाद राज्यात १९५० साली कुळकायदा झाला आणि कसणाऱ्याला आधार मिळाला. १९५४ च्या सुमाराच्या खासरा पत्रकात पणजोबांचं नाव आहे. पुढं आजोबांचं. जमीन एकूण सहा एकर.

मी आजीला विचारलं, "पणजोबांना बहिणी नव्हत्या का गं?"

"होत्या की दोन. एक कन्नडकडं दिली होती, एक पैठणकडं."

"नावं काय त्यांची?"

आजी बराच वेळ आठवत राहिली. तिला नावं आठवली नाहीत. मुलांनो, त्या दोघींनीही त्याच रानात खुरपलं असेल, कापूस वेचला असेल, बांधावर भाकरी नेली असेल. पण पेटीतल्या एकाही कागदावर त्यांचं नाव नाही आणि आता ते सांगणारं माणूसही उरलं नाही.

२००८ साली आजोबा वारले. शेतजमिनीचा मालक गेला की त्याच्या वारसांची नावं गावच्या दप्तरात लावावी लागतात. तिला वारसनोंद म्हणतात. मग फेरफार होतो आणि नवी नावं सातबाऱ्यावर चढतात. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये तिच्यात काय पिकतं ते.

आजोबांना वारस चार : आजी, मामा, मावशी आणि आई. सहा एकरांचे चार वाटे केले तर प्रत्येकाला दीड एकर. एका एकराचे ४० गुंठे, म्हणजे साठ गुंठे. गणित तुमच्याही आवाक्यातलं आहे. पण घरात ते सोपं नव्हतं.

भावकीतले लोक म्हणाले, "बहिणींनी हक्कसोड करून द्यावी. रीतच आहे. भाऊ साडीचोळी करील, माहेर राहील." हक्कसोडपत्र म्हणजे आपला वाटा सोडल्याचं लिहून देणं. मावशीनं सही केली. आई गप्प बसली होती. तेव्हा आजी माजघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "काहून? ह्या काय माह्या पोटच्या न्हाईत?"

आईनं सही केली नाही.

पुढचं सांगताना मला अजून जड जातं. त्या वर्षी भाऊबिजेला मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आई ताट सजवायची, दारात जाऊन यायची आणि संध्याकाळी चंद्राला ओवाळायची. मी तिच्यावर चिडले होते. "दीड एकरासाठी माहेर घालवलंस," असं बोलूनही गेले. ती एवढंच म्हणाली, "मी कुणाचं काही घेतलं नाही. माझं आहे ते नाही म्हटलं नाही, इतकंच."

मग २०१२ चा दुष्काळ आला. आपल्याकडच्या कितीतरी मोसंबीच्या बागा तेव्हा वाळून सरपण झाल्या. मामांचीही गेली. आई निरोपाची वाट न बघता माहेरी गेली आणि म्हणाली, "दादा, माझा तुकडाही तूच कर. बटईनं कर. निम्मं तुझं, निम्मं माझं." मामा काही बोलले नाहीत. त्या दिवाळीला मात्र ते आले. आजही ते जमीन कसतात, सातबाऱ्यावर आईचं नाव आहे आणि ज्वारीची दोन पोती आमच्या घरी येतात. पहिल्यासारखं सगळं झालं का? नाही. मामी अजून थोडं तुटकच बोलतात. पण येणं-जाणं आहे.

आता तुम्ही विचाराल, कायदा काय सांगतो? पालकांनीही हे वाचावं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं हक्क मिळे तो मुलांनाच. महाराष्ट्रानं १९९४ साली तो मुलींनाही दिला, मात्र आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर ही अट गेली. लग्न झालेलं असो वा नसो, मुलगी मुलासारखीच. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसाचे नियम वेगळे आहेत, पण मुलीला वाटा त्यांतही आहे.

काही ठिकाणी माणसं कायद्याच्याही पुढं गेली. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावे करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं.

तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या दर शंभर शेतखात्यांपैकी बायकांच्या नावावर होती सुमारे चौदा. रानात वाकलेल्या पाठी मोजा आणि हा आकडा बघा! नाव नसेल तर पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई मिळवताना बाईला अडचण येते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं.

मावशी चुकली असं मी म्हणणार नाही. ती म्हणते, "मी राजीखुशीनं दिलं." राजीखुशीनं देणं हाही हक्कच आहे. पण आधी आपलं काय आहे हे माहीत तर हवं. आणि मुलग्यांनो, बहिणीनं वाटा घेतला म्हणजे तिनं तुमच्यावरची माया सोडली, असं कधी समजू नका. माझा भाऊ आणि मी याबद्दल आत्ताच बोलून ठेवलंय. आई-वडील समोर असताना, हसत हसत.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं झाड पुन्हा काढून आणलं. भावाशेजारी तिची फांदी होती. आत्या होती, आजीची बहीण होती. एका फांदीवर नुसतं प्रश्नचिन्ह होतं. म्हणाली, "हिचं नाव कुणालाच आठवेना, बाई. पण ती होती."

या रविवारी तुम्हीही आजीजवळ बसा. घराण्यातल्या बायकांची नावं विचारा आणि लिहून ठेवा. उशीर करू नका, बरं का!

तुमच्या,
बाई