पुरावा वाहून जाण्याआधी

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावर काळे, चिकट डांबरगोळे येऊन पडू लागतात. त्याआधी भर पाण्यात तेलाचा तवंग दिसतो, तो बहुधा पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीवाल्यांना, हौशी नौकानयन करणाऱ्यांना किंवा मच्छीमारांना. मग बातमी येते, किनारा साफ होतो, आणि हे आले कुठून हा प्रश्न पुढच्या मोसमापर्यंत तसाच पडून राहतो. समुद्र न पाहता आयुष्य काढणाऱ्या मराठवाड्यातल्या फुलंब्रीच्या माणसाने यात डोके का घालावे, असे कोणी विचारील. घालावे, कारण किनाऱ्यावर जे घडते तेच तिथल्या गिरिजा नदीच्या एखाद्या डोहात घडू शकते, आणि तिथेही उत्तर न मिळण्याचे कारण तेच असेल. पाण्यात काय मिसळले हे ओळखण्याची विद्या आपल्याकडे आहे. ज्याने पहिल्यांदा पाहिले त्याच्या हातात बाटली नसते, आणि ज्याच्या हातात बाटली असते तो पाणी निवळल्यावर पोचतो, एवढीच अडचण आहे.

डांबरगोळ्याचेच उदाहरण घ्या. कच्चे तेल समुद्रात सांडले की त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेला जड भाग लाटांनी पाण्याबरोबर घुसळला जातो आणि वाळू, शिंपल्यांचा चुरा अंगावर घेत घट्ट होतो. बाहेरून तो गोळा वाळलेला वाटतो, पण पाय पडला की आतला चिकटा तळव्याला असा धरतो की साबणाने हलत नाही. तेल किंवा रॉकेलच लावावे लागते. या गोळ्यात होपेन नावाच्या वर्गातली काही संयुगे असतात. ऊन, पाणी आणि जिवाणू यांना ती सहजासहजी दाद देत नाहीत. त्यांचे आपसातले प्रमाण तेलक्षेत्रागणिक वेगळे असते, त्यामुळे ते तेलाच्या बोटांच्या ठशासारखे वापरता येते. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे ठसे जुळवून पाहिले आणि किनाऱ्यावरच्या गोळ्यांचा संबंध तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्याशी आणि बॉम्बे हाय तेलक्षेत्रातल्या तेलाशी लावला. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की खोल समुद्रातली ही घाण किनाऱ्याकडे ढकलली जाते, म्हणून तिचा मोसम ठरलेला. म्हणजे ती काय आहे आणि कुठल्या प्रकारच्या कामातून येते, हे कळते. कळत नाही ते फक्त कोणत्या जहाजाने, कोणत्या रात्री. आणि नेमके तेवढेच कळले नाही की दंड कोणाला करायचा हा प्रश्न सुटत नाही.

नाव कळले तर काय होते हेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट 2011 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन निघालेले ‘राक कॅरिअर’ हे जहाज बुडाले आणि त्याच्या इंधनाचा तवंग पसरला. एका पर्यावरण कार्यकर्त्याने याचिका केली आणि 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना शंभर कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई देण्याचा आदेश दिला. पाच वर्षे लागली, हे खरे. पण जहाज समुद्राच्या तळाशी पडलेले होते, त्याचे नाव लपवता येण्यासारखे नव्हते, म्हणून प्रकरण तिथवर तरी गेले. डांबरगोळ्यांच्या साफसफाईचा खर्च मात्र वर्षानुवर्षे ग्रामपंचायती, शॅकवाले आणि सरकारी तिजोरी सोसते. युरोपात 2007 पासून उपग्रहांच्या रडार-चित्रांतून तवंग शोधून संबंधित देशाला अर्ध्या तासाच्या आत कळवण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडेही तवंग कुठे सरकेल याचा अंदाज देणारी यंत्रणा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राने उभी केली आहे आणि समुद्रातल्या तेलगळतीचा मुकाबला तटरक्षक दलाच्या अखत्यारीत आहे. पण तवंग प्रत्यक्ष पाहणाऱ्या होडीवाल्याने काय करावे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

आता जमिनीवर येऊ. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखाने गाठावे लागले. टँकर येतो, नळी सोडतो, निघून जातो. असे काम पकडायला महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी घेतलेला नमुना उपयोगाचा नसतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नदी-तपासणी मात्र साधारण याच बेताने चालते. ती नदीची सरासरी प्रकृती सांगते, आणि तेवढ्यापुरती ती मोलाची आहेच: केंद्रीय मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले, त्यांपैकी 55 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. पण एका रात्रीचा गुन्हा सरासरीत दिसत नाही. मराठवाड्यात तर धोका दुप्पट. गिरिजा असो की तिच्यासारखी दुसरी नदी, पावसाळा सरला की धार आटते आणि उरतात ते डोह. पाणी पातळ करायला प्रवाहच नाही, म्हणून ओतलेले रसायन डोहात मुरते आणि काठच्या विहिरीत झिरपते. पुढे पहिला पूर आला की सगळे पूर्णा नदीत आणि तिथून येलदरी धरणाच्या दिशेने जाते, पुरावाही त्याच्याबरोबर. समुद्रात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा पुरावा पुसते. आपल्याकडे डोह तो काही महिने सांभाळतो, ही जमेची बाजू, पण ती वापरणार कोण?

ज्याने पहिल्यांदा पाहिले त्यानेच लगेच नमुना घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. त्यावरचा पहिला आक्षेप कायद्याचा, आणि तो वजनदार आहे. 1974 च्या जल कायद्यातल्या कलम 21 प्रमाणे नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन, ठरलेल्या पद्धतीने घेतला तरच तो न्यायालयात पुरावा म्हणून टिकतो. गावकऱ्याने कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेले पाणी तिथे उभे राहत नाही. ही अट काढा असे मी म्हणणार नाही. ती काढली तर शेजाऱ्याच्या कारखान्यावर सूड उगवायला कोणीही बाटली घेऊन उभा राहील. पण न्यायालयातला पुरावा आणि शोधाचा धागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस खबऱ्याच्या माहितीवर शिक्षा मागत नाहीत, तरी छापा मात्र त्याच माहितीवर घालतात. वेळ, जागा आणि फोटो यांसह घेतलेला नमुना मंडळाला सांगू शकतो की कोणत्या नाल्याला वर चढत जायचे आणि कोणते रसायन शोधायचे.

दुसरा आक्षेप असा की पाण्याचा रंग बदलला म्हणजे माणसानेच काही केले असे नाही, उगाच घबराट होते. बरोबर आहे. जून 2020 मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा तर्कांना ऊत आला होता. वन विभागाने नमुने दिले, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासले आणि खारटपणा वाढल्यामुळे फोफावलेल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे सांगितले. मुंबईच्या किनाऱ्यावर रात्री निळी चमकणारी लाटही नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाची असते. घबराट शमवली ती नमुन्याने. तेव्हा हा आक्षेप मला माझ्याच बाजूचा वाटतो.

खरा कस लागतो तो तपशिलात. तेलाचा नमुना काचेच्या बाटलीतच घ्यावा लागतो, कारण प्लास्टिकला तेल चिकटते. मासे मेले असतील तर पाण्यातला विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा किंवा रसायन घालून स्थिर करावा लागतो. जैविक प्राणवायू मागणीचा नमुना बर्फात ठेवून शक्यतो चोवीस तासांत प्रयोगशाळेत न्यावा लागतो. सोमवारी तक्रार आणि गुरुवारी पाहणी, असे झाले तर सगळ्यात प्रामाणिक अधिकाऱ्यालाही यातले काही सापडणार नाही. मंडळाकडे माणसे कमी आहेत, ही तक्रार खरी मानूनच मार्ग काढायला हवा. छत्रपती संभाजीनगरला मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आणि प्रयोगशाळा आहे, विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, तालुक्यांत विज्ञान महाविद्यालये आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एका महाविद्यालयात निर्जंतुक बाटल्या, बर्फाची पेटी आणि एक नोंदवही ठेवली, आणि तिथल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला मंडळाने रीतसर प्रशिक्षण दिले, तर पहिला नमुना काही तासांत मिळेल. तेच सामान किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांकडे आणि जलक्रीडा चालवणाऱ्यांकडे ठेवता येईल. त्यांना परवाना देताना ही अट घालणे अवघड नाही. उद्योगांनीही आपल्या सांडपाण्याचा आणि जहाजांनी इंधनाचा नमुना मंडळाकडे जमा ठेवावा, म्हणजे जुळवायला काहीतरी हाताशी राहील. प्रामाणिक कारखानदाराला याचा त्रास नाही, उलट शेजाऱ्याच्या पापाचा संशय त्याच्यावरून उतरेल. आणि जल कायद्याच्या कलम 49 प्रमाणे मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार करू शकतो. ही तरतूद 1988 पासून आहे. ती वापरायला आतापर्यंत नागरिकाच्या हातात तपासलेला कागदच नसायचा.