सौदा ठरला, आणि छत पोकळ वाजले

भिलाईच्या रुआबांधा भागातून घर विकून महाराष्ट्रात परतणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण बरेचदा सारखीच असते. पोलाद कारखान्यातली नोकरी संपलेली, मुले नागपूर-पुण्याकडे स्थिरावलेली आणि तिकडचा फ्लॅट इथल्या घराच्या पैशावर अवलंबून. गिऱ्हाईक मिळते, भाव ठरतो, महाराष्ट्रात ज्याला विसार म्हणतात तो बयाना हाती पडतो. मग गिऱ्हाईक एखाद्या इंजिनिअरला सोबत घेऊन येते. तो काठीने छत ठोकून पाहतो आणि म्हणतो, "इथे पोकळ वाजतंय."

सौदे बिघडतात ते इथेच, आणि दोषापेक्षा रागानेच जास्त. विकणाऱ्याला वाटते, भाव पाडण्याचे निमित्त काढले. घेणाऱ्याला वाटते, इतके दिवस हे लपवून ठेवले! पण त्याच वेळी दोघांनी मिळून दोष नीट पाहून घेतला, तर निम्मी भीती तिथेच ओसरते.

छत पोकळ वाजते, कारण गच्चीवरचे पाणी मुरत मुरत आतल्या सळईपर्यंत पोचलेले असते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. त्यावर नुसता रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी गच्चीची गळती थांबवायची, मग सैल भाग फोडून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन भरून घ्यायचे. सळई फारच झिजली असेल, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यावेच लागते.

भेगांचे वेगळे. छत्तीसगडात काळ्या मातीला कन्हार म्हणतात. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. अशा जमिनीवर पाया उथळ असेल तर तो हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगांना घाबरण्याचे कारण नाही. शंका असेल तर जुन्या ओव्हरसिअरांची युक्ती करावी: भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची. काही आठवड्यांत काच तडकली, तर भेग अजून चालू आहे.

आता प्रश्न पैशांचा. विकणारे घाईघाईने दुरुस्ती करून, ताजा रंग देऊन मोकळे होऊ पाहतात. त्यापेक्षा दोन ठेकेदारांकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी, हे बरे. एकाच खोलीला दिलेला नवा रंग पाहून गिऱ्हाईक उलट जास्त बिचकते. शिवाय दुरुस्ती त्याच्या मनासारखी झाली नाही, तर वाद पुन्हा दारात उभा!

लपवण्याचा मार्ग तर कायद्यानेच बंद आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न सापडणारा मोठा दोष सांगणे बंधनकारक आहे. तो न सांगणे ही फसवणूक मानली जाते. 2016 च्या रेरा कायद्यातली पाच वर्षांची हमी बिल्डरसाठी आहे, जुने राहते घर विकणाऱ्या गृहस्थासाठी नाही. तेव्हा कोणता दोष दाखवला आणि त्यापोटी किती रक्कम कमी केली, हे इकरारनाम्यात स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बयाना कोणत्या परिस्थितीत परत करायचा, तेही त्यातच.

कागदांची तपासणी याहून नाजूक. घर लीजवरचे असेल तर पायाखालची जमीन आपल्या मालकीची नसते. पट्ट्यातला हक्क दुसऱ्याच्या नावे करता येतो का, कुणाची परवानगी लागते, मुदत किती उरली, हे गिऱ्हाईक शोधण्याआधीच पाहून ठेवावे. मागच्या अंगणात नंतर वाढवलेली खोली मंजूर नकाशात नसेल, तर गिऱ्हाइकाच्या बँकेचा माणूस ती नेमकी हेरतो आणि कर्ज अडते.

उन्हाळ्यात सौदा होत असेल तर घेणारा कधी म्हणतो, "थोडी रक्कम पावसाळ्यानंतर देतो, गळलं नाही तर." विकणाऱ्याने याला सहसा तयार होऊ नये. रजिस्ट्री झाल्यावर, बिऱ्हाड नागपुरात हलल्यावर, ती रक्कम वसूल करायला भिलाईच्या खेपा घालणार कोण? त्यापेक्षा रजिस्ट्रीआधी गच्चीची पन्हळे बंद करून एक-दोन दिवस पाणी साठवावे आणि दोघांनी खाली उभे राहून छत पाहावे. आधीच पोकळ वाजणाऱ्या छतावर मात्र पाण्याचा भार इंजिनिअरला विचारूनच द्यावा.