होम्सचे वारसदार

१९३० साली आर्थर कॉनन डॉयल गेले, तेव्हा शेरलॉक होम्सच्या ५६ कथा आणि चार कादंबऱ्या त्यांच्या नावावर होत्या. होम्स मात्र थांबला नाही. डॉयल यांचे चिरंजीव एड्रियन यांनी जॉन डिक्सन कार यांच्या साथीने १९५४ मध्ये बारा नव्या कथांचे पुस्तक काढले. त्याआधी आणि त्यानंतर कितीजणांनी त्याला पुन्हा कामाला लावले याची मोजदाद अवघड आहे. नाटके, चित्रपट, मालिका वेगळ्याच. ज्याने डॉयल यांच्या कथांपायी रात्री जागवल्या, त्या वाचकापुढे मग प्रश्न उभा राहतो. हे सारे आपले म्हणायचे, की मूळ साठ कृतींना कुंपण घालून तिथेच थांबायचे?

कुंपण घालणाऱ्यांची बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही. होम्सचे जे रूप आज सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यातले बरेचसे डॉयल यांचे नाही. मागेपुढे झापड असलेली टोपी सिडनी पॅजेट या चित्रकाराने त्याच्या डोक्यावर चढवली. वाकडा पाइप विल्यम जिलेट या नटाने रंगभूमीवर आणला, असे मानतात. हे फार तर वेशभूषेचे झाले. खरे नुकसान झाले ते वॉटसनचे. १९३९ ते १९४६ या काळात बेसिल रॅथबोन यांनी चौदा चित्रपटांत होम्स रंगवला, आणि उत्तम रंगवला. पण शेजारी नायजेल ब्रूस यांचा वॉटसन भाबडा, गोंधळलेला गृहस्थ होऊन बसला. मुळातला वॉटसन मैवंदच्या लढाईत जखमी झालेला लष्करी डॉक्टर आहे. शहाणा, धीराचा, माणसे ओळखणारा. असा माणूसही जिथे चकतो, तिथे होम्सची बुद्धी आपल्याला पटते. वॉटसनला बावळट केले की त्याला चकवण्यात पराक्रम तो कसला?

तरीही कुंपणाचा आग्रह मला मान्य नाही. एक तर खुद्द डॉयल यांनीच तो धरला नव्हता. आपल्या नाटकात होम्सचे लग्न लावले तर चालेल का, असे जिलेट यांनी विचारले, तेव्हा लग्न लावा, जीव घ्या, हवे ते करा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पाठवले. वॉटसनची जखम त्यांनी पहिल्या कादंबरीत खांद्याला दाखवली आणि दुसरीत पायाला. ती विसंगती त्यांनी कधी निस्तरली नाही. शिवाय त्यांनी कथांमध्ये जागोजागी दारे उघडी ठेवली आहेत. न सांगितलेल्या प्रकरणांचे कागद भरलेली वॉटसनची पत्र्याची पेटी लंडनच्या एका बँकेत पडून आहे, असे ते सांगतात. सुमात्राच्या महाकाय उंदराचे प्रकरण नुसते नावापुरते येते. वाचणाऱ्याला लिहावेसे वाटले, तर तो दोष त्याचा नव्हे.

अशाच एका उघड्या दारातून जामयांग नोर्बू आत शिरले. रायखेनबाखच्या धबधब्यात मेलो असे सर्वांनी मानल्यानंतर आपण सिगरसन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी बनून तिबेटात फिरलो, ल्हासाही पाहिले, असे होम्स ‘द एम्प्टी हाउस’ या १९०३ च्या कथेत सांगतो. डॉयल यांनी ती वर्षे चार वाक्यांत उरकली. तिबेटी निर्वासित असलेल्या नोर्बू यांनी १९९९ मध्ये त्यांवर ‘द मंडला ऑफ शेरलॉक होम्स’ ही अख्खी कादंबरी लिहिली. त्यांचा होम्स बोटीने मुंबईत उतरतो, आणि त्याची हकिगत किपलिंगच्या ‘किम’मधला हरीचंदर मुकर्जी सांगतो. जो देश स्वतःच्या लोकांनी गमावला, तो नोर्बू होम्सच्या नजरेने पुन्हा उभा करतात. ही नक्कल नव्हे. डॉयल यांना जे लिहिणे शक्यच नव्हते, ते इथे त्यांच्याच सामग्रीतून लिहिले गेले आहे.

निकोलस मेयर यांनी १९७४ मध्ये होम्सला व्यसन सोडवण्यासाठी व्हिएन्नाला फ्रॉइडकडे नेले, तेही मला पटते, कारण कोकेनची सुई ‘द साइन ऑफ फोर’च्या पहिल्याच पानावर आहे. बीबीसीच्या ‘शेरलॉक’बद्दल मात्र मन दुभंगते. २०१० मधली सुरुवात प्रेमाने रचलेली होती. वॉटसन पुन्हा अफगाणिस्तानातूनच परततो. जखम खांद्याला आणि लंगडणे मनाचे, असे सांगून डॉयल यांची जुनी विसंगतीही सोडवली जाते. २०१७ च्या भागांपर्यंत मात्र उकल मागे पडली आणि कौटुंबिक धक्के पुढे आले. होम्स कसा विचार करतो हे न दाखवता तो किती अचाट आहे एवढेच दिसत राहिले. काळ बदलला म्हणून माझी तक्रार नाही. तर्काची साखळी तुटली, ही तक्रार आहे.

अगाथा ख्रिस्ती यांच्या प्वारो या गुप्तहेराला मात्र वेगळा न्याय लावावा लागतो. ख्रिस्तीबाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच ‘कर्टन’ लिहून ठेवली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध करून प्वारोचा शेवट स्वतःच्या हाताने केला. वारसांच्या संमतीने सोफी हॅना यांनी २०१४ पासून नव्या प्वारो कादंबऱ्या लिहिल्या. कायद्याने त्यात वावगे काही नाही. पण जे दार लेखिकेने विचारपूर्वक बंद केले, ते उघडायला नको होते, असे मला वाटते. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ या काळात मूळ गोष्टीच पडद्यावर आणल्या. तो मार्ग अधिक सरळ होता.

मराठी वाचकाला हा व्यवहार परका नाही. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटू जोडीवर बेकर स्ट्रीटची छाया आहे. आता तर मोकळीक पूर्ण झाली आहे. १ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेतही होम्सच्या शेवटच्या कथांवरचा स्वामित्वहक्क संपला. होम्सवर कोणीही लिहावे, कोणीही अनुवाद करावा, संक्षेप करावा. प्रकाशकांकडे मागणे एवढेच आहे. पुस्तक डॉयल यांचे पूर्ण भाषांतर आहे, संक्षेप आहे, की दुसऱ्याने रचलेली नवी कथा, हे मुखपृष्ठावर ठळक छापा, आणि अनुवादकाचे नावही त्याच्यासोबत द्या.