बातमीचं पहिलं वाक्य कोणाचं?

आपल्या कार्यकर्त्यांच्या प्रेसनोट मी गेली आठ-दहा वर्षं वाचते आहे. त्यातल्या बऱ्याच मीच लिहिल्या आहेत. त्यामुळे पुढचं बोलणं आधी मला लागू आहे, मग तुम्हाला.

एका गावात आपल्या वस्तीवर बहिष्कार पडला. गिरणीवाल्याने दळण परत पाठवलं, किराणा बंद, मजुरीचं बोलावणं बंद. आम्ही सतरा जण तहसीलवर गेलो, निवेदन दिलं आणि रात्री मी प्रेसनोट लिहायला बसले. सुरुवात 'विश्वरत्न, बोधिसत्त्व' पासून. मग संघटना, शाखा, कोणाच्या नेतृत्वाखाली, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, प्रमुख उपस्थिती. गिरणी आली पाचव्या परिच्छेदात. दुसऱ्या दिवशी पेपरात सिंगल कॉलम: 'विविध मागण्यांसाठी तहसीलदारांना निवेदन'. खाली आमची नावं. दळणाचा पत्ताच नाही. वस्तीतल्या एका आजीने नातवाकडून ती बातमी वाचून घेतली आणि मला विचारलं, "बाई, यात आमचं काय हाय?"

तेव्हा मी 'मनुवादी मीडिया' म्हणून मोकळी झाले. मीडिया जातीयवादी आहे, यात मला आजही शंका नाही. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे आपण सगळेच सांगतो. पण त्या दिवशी कात्री चालवायला जागा मीच करून दिली होती. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. ही जुनी रीत आहे. म्हणून बातमीत सगळ्यात महत्त्वाचं ते वर, तपशील त्याखाली, पार्श्वभूमी शेवटी. आपण मात्र बातमी लग्नपत्रिकेसारखी लिहितो: आधी वंदन, मग नावं, आणि कशासाठी जमलो ते तळाला.

आता दुसरी बाजू. मराठीत एक क्रियापद फार सोयीचं आहे: 'झाली'. मारहाण झाली, शिवीगाळ झाली, झोपडी जळाली. कर्ता गायब! त्याला 'किरकोळ कारणावरून' आणि 'दोन गटांत' जोडलं की जातीय अत्याचाराचं भांडण होऊन जातं. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. सुरुवातीला वृत्तपत्रांनी पुरेशी दखलच घेतली नाही. जमिनीचा वाद आणि जात मागे राहिली, अनैतिक संबंधांची कुजबुज पुढे आली. आपल्या लोकांनी स्वतः गावात जाऊन माहिती काढली, नोव्हेंबरात माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे पानं हलली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होतो असं मानलं नाही. हे बातम्यांमुळे घडलं असा माझा दावा नाही. पण ज्या घटनेची जात पहिल्या दिवशी लिहिली जात नाही, ती नंतर प्रत्येक टेबलावर नव्याने सिद्ध करत बसावी लागते.

शिबिरात मी मुलांना एक गृहपाठ देते. 20 मार्च 1927, महाड. इंट्रो लिहा. एक मुलगा मुद्दाम आजच्या पेपरच्या भाषेत लिहितो: 'महाड येथे तळ्यावरून दोन गटांत हाणामारी होऊन अनेक जण जखमी झाले.' यातलं एकही विधान सरळ खोटं नाही, म्हणून तर ते घातक. मग एक मुलगी लिहिते: 'कायदे कौन्सिलच्या ठरावाने आणि नगरपालिकेच्या निर्णयाने खुल्या झालेल्या चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्य परिषदेच्या प्रतिनिधींनी आज प्यायलं, त्यानंतर वीरेश्वर मंदिरात शिरणार अशी अफवा पसरवून सवर्ण जमावाने त्यांच्यावर हल्ला केला.' वाक्य लांब आहे, मान्य. पण हक्क कोणाचा, हात कोणी उचलला आणि निमित्त काय झालं, हे सगळं त्यात आलं. तिथून खाली कितीही कापा, महाड उरतं. बाबासाहेबांनी त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' काढलं. आपली बातमी दुसऱ्याच्या भाषेत जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं.

म्हणून पहिल्या वाक्यात: कोणी, कोणाला, काय केलं, कुठे, कधी. 'का' बद्दल पुरावा असेल तर तोही वर घ्या. 'जात लिहिली तर तेढ वाढते' असं काही वार्ताहर सांगतात. तेढ गिरणीच्या दारात आधीच उभी असते, हे त्यांना शांतपणे सांगा. दुसऱ्या परिच्छेदात कागद: गुन्हा नोंदला का, कलमं कोणती, अ‍ॅट्रॉसिटी लागली का, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का. सामाजिक-आर्थिक बहिष्कार हा 2015 च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, हे ठाणेदारालाही कधीकधी बातमीतूनच कळतं. मग पीडितांचे शब्द, त्यानंतर प्रशासनाचं आणि समोरच्याचं म्हणणं. हो, समोरच्याचंही. त्याला विचारलं नाही तर उद्या तोच खुलासा छापून आणतो.

विशेषणं कमी करा. 'नराधम' लिहून खटला भक्कम होत नाही. निकालापर्यंत तो आरोपीच. आणि बलात्काराच्या घटनेत पीडितेचं नाव, गल्ली, नातेवाईक, फोटो, काहीही द्यायचं नाही. आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संतापाच्या भरात हे सर्रास होतं. तो गुन्हा आहे, आणि तिच्यावर दुसरा अत्याचारही.

त्या गावाची प्रेसनोट मी आठवड्याने पुन्हा लिहिली. पहिलं वाक्य: 'गावातल्या एकमेव गिरणीच्या मालकाने बौद्ध वस्तीचं दळण घेणं अकरा दिवसांपासून बंद केलं असून, बायका डोक्यावर धान्य घेऊन पाच किलोमीटरवरच्या गावी जात आहेत.' त्याच पेपरने दोन कॉलम छापली, आजीच्या बोलण्यासकट. दुपारी नायब तहसीलदारांची गाडी वस्तीत आली. शेवटचा परिच्छेद मात्र डेस्कने कापला होता. त्यात आम्हा सतरा जणांची नावं होती.

संध्याकाळी आमच्या एका पदाधिकाऱ्यांचा फोन आला. जय भीम झाल्यावर पहिलाच प्रश्न, "ताई, बातमी आली, पण आमचं नाव कुठंय?"