विचारपीठाचे ऋण

३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. पत्र जगविण्यासाठी त्यांना वाचकांकडे मदतीचे आवाहन करावे लागले. १९२९ मध्ये ते बंद पडले. विचार आटला नव्हता, पैशाचे पाठबळ अपुरे होते.

भिवंडीत आपण जयंतीची वर्गणी आनंदाने देतो. तिच्याबरोबर थोडा वाटा अभ्यासमंडळाला, ग्रंथालयाला, वैचारिक नियतकालिकालाही द्यावा. ज्याला पैसा देणे शक्य नाही, त्याने यंत्रमागावरील पाळीचे तास, मजुरी, वस्तीतील पाणी यांची नोंद अभ्यासकांना पुरवावी. जाहीर सभेत प्रश्न विचारावा. एकाच धनिकावर विसंबलेले विचारपीठ मिंधे होण्याचा धोका असतो. अनेकांच्या अल्प वर्गणीवर उभे असलेले निर्भयपणे बोलू शकते. माजी विद्यार्थ्यांनो, शिक्षणाने आपल्याला वाणी दिली; तिचे ऋण असेच फिटेल.