गिरगावची पंगत कोण राखणार?

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांनी देह ठेवला, तो मुंबईत क्रॉफर्ड मार्केटनजीकच्या सरदारगृहात. मुंबईत लोकमान्यांचा मुक्काम याच निवासगृहात असे. घरापासून दूर आलेल्या माणसाला निवारा आणि अन्न देणाऱ्या अशा वास्तूंनी जुन्या मुंबईचे सार्वजनिक जीवन पोसले आहे, याचे विस्मरण आज होत आहे.

कुटुंब गावी ठेवून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या चाकरमान्याला गिरगावातील खानावळींनी आधार दिला. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे ताट मिळे. त्यासोबत गावाकडची खबरबात आणि देशकारणाची चर्चाही. जवळच धोबीतलावला १९०४ पासून ‘कयानी’, तर बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ पासून ‘ब्रिटानिया’ ही इराणी उपाहारगृहे उभी राहिली. भिन्न समाजांच्या अशा पंगतींतून दक्षिण मुंबई घडली.

आज या पंगतीतील मराठी पाट एकेक करून उचलले जात आहेत. खोताच्या वाडीतील, मासळीच्या जेवणासाठी ख्यातनाम असलेले ‘अनंताश्रम’ इतिहासजमा झाले. ठाकूरद्वारच्या ‘विनय हेल्थ होम’ची मिसळ ही जुन्या गिरगावची खूण; पण अशा खुणा मोजक्याच. पागडीच्या नाममात्र भाड्यावर या व्यवसायांचे गणित जुळत असे. इमारत जीर्ण झाली, पुनर्विकास आला की मालकाला नव्या इमारतीत गाळा मिळतो. परंतु मधल्या काही वर्षांत आचारी निघून जातात, गिऱ्हाईक पांगते आणि पुढची पिढी गाळा भाड्याने देऊन मोकळी होते.

याचे खापर परक्यांच्या माथी फोडणे सोपे आहे. मात्र उडुपीहून आलेले तरुणही रिकाम्या हातांनीच या नगरीत उतरले होते. १९४२ मध्ये माटुंग्यात सुरू झालेले रामा नायक यांचे भोजनगृह आजही केळीच्या पानावर जेवण वाढते. स्वच्छता, तत्परता आणि सर्व समाजांतील ग्राहकांचे स्वागत हेच त्यांचे भांडवल. मराठी पदार्थ चवीत उणे नाहीत. २०१५ मध्ये दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीचा लंडनमध्ये गौरव झाला. उणीव आहे ती चिकाटीची आणि व्यवसायाला प्रतिष्ठा देण्याची. मुलगा अभियंता झाला की पेढे वाटणारे घर, तोच गल्ल्यावर बसू म्हणाला की चिंतातुर होते!

मेट्रोच्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. उपनगरांत गेलेला गिरगावकर आता सहज आपल्या जुन्या वाडीच्या तोंडाशी उतरू शकतो. तो उतरेल तेव्हा त्याला थालीपीठ मिळणार की केवळ आठवणी?

पुनर्विकासाचे करार करताना जुन्या उपाहारगृहांच्या पर्यायी जागेची सोय त्याच परिसरात व्हावी, असा आग्रह रहिवाशांनी धरावा. मालकांनी व्यवसाय पुढच्या पिढीकडे वा विश्वासू आचाऱ्यांकडे सोपवावा. आणि ग्राहकाने योग्य दाम मोजून तेथे जेवावे. हळहळीने कोणतीही चूल पेटत नाही.