जुन्या घड्याळांची नवी किंमत

रमजान संपत आला होता. पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामू, नानांचं घड्याळ मिळालं!"

अब्बांना जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांचे घड्याळ तर त्याच्याही कितीतरी आधी, १९८३ साली घरातून गेले होते. त्यामुळे पोरगा काय म्हणतोय ते मला आधी कळेना. मग उलगडा झाला. अब्बांकडे होते तसले, एचएमटी कंपनीचे 'जनता', त्याने ऑनलाइन लिलावात बोली लावून जिंकले होते. सहा हजार चारशे रुपयांना. वर टपालखर्च दीडशे. ईदला नानीला द्यायचे म्हणून.

आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागातल्या पुष्कळ घरांसारखे आमचेही घर मुंबईच्या गिरणीवर चालत होते. अब्बा लालबागला एका खोलीत दहाबारा गाववाल्यांबरोबर राहत. एका वर्षी बोनसच्या पैशांतून त्यांनी 'जनता' घेतले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत अब्बा काही महिने मुंबईत थांबले, मग आजऱ्याला आले ते कायमचेच. दुसऱ्या वर्षी शाळेची फी आणि घरातला किराणा यांचा मेळ बसेना, तेव्हा घड्याळ गेले. किती रुपयांना गेले हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यानंतरच्या रमजानमध्ये सहेरीची वेळ विचारायला अम्मी मला शेजारी पाठवायची, एवढे मला आठवते.

तर भाच्याची नियत सोन्यासारखी होती. घड्याळ मात्र तसे निघाले नाही.

जाहिरातीत लिहिले होते: "एचएमटी जनता, १९६५, शंभर टक्के ओरिजिनल, अतिदुर्मिळ." डायल पांढरी शुभ्र, काटे चकचकीत. अम्मीने ते हातात घेतले, कानाला लावले, डोळ्यांजवळ नेले. म्हणाली, "हे तर नवंच दिसतंय रे." तिने कौतुकाने म्हटले की शंकेने, ते मला कळले नाही. पण मी दुसऱ्या दिवशी ते घेऊन एसटी स्टँडजवळच्या आमच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. चाळीस वर्षे ते एकाच खुर्चीवर बसून घड्याळे उघडत आहेत. त्यांनी मागचे झाकण काढले, डोळ्याला भिंग लावले आणि दोन मिनिटे काहीच बोलले नाहीत.

"सर, डायल नवी रंगवलीय. अक्षरं बघा, जाड आलीत. मिनिटांच्या रेघा सरळ नाहीत. बॉडीला नवं पाणी चढवलंय. मशीन एचएमटीचंच आहे, पण दोन-तीन घड्याळांतलं जमवलेलं. ह्या स्क्रूला गंज आहे, त्या चाकाला नाही. चालेल. दिवसाला चार मिनिटं मागं पडेल."

"किंमत?"

"मी विकलं तर सातशे-आठशे. तेही सगळं सांगून."

हा धंदा आता बराच वाढला आहे, म्हणून आमच्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगतो आहे. ज्या घरात कधीकाळी एचएमटी होते, त्या घरातला कोणीतरी आज ना उद्या ही जाहिरात बघणार आहे.

एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. पहिल्या घड्याळांचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तोपर्यंत चांगले घड्याळ म्हणजे स्विस घड्याळ, आणि ते साहेबाच्या नाहीतर सावकाराच्या मनगटावर. मास्तर, तलाठी, कंडक्टर, गिरणी कामगार यांच्या हातावर घड्याळ आणले ते एचएमटीने. त्यातल्या एका मॉडेलचे नावच 'जनता' होते. रोज सकाळी चावी द्यायची, आत सतरा ज्वेल्स, साधी डायल. लग्नात जावयाला, मॅट्रिक पास झालेल्या पोराला, निवृत्त होणाऱ्या शिपायाला हेच घड्याळ दिले जाई. १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली, चावी देण्याचे दिवस सरत गेले आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केले.

कंपनी बंद होताच घड्याळ 'व्हिंटेज' झाले. जे 'जनता' लाखोंनी बनले, ज्याचे सगळे मोल सर्वांना परवडण्यात होते, ते एका रात्रीत 'अतिदुर्मिळ' कसे झाले? घराघरांतल्या कपाटांत, ट्रंकांत, देवघराच्या नाहीतर कुराण ठेवण्याच्या फळीवर आजही ही घड्याळे पडून आहेत. दुर्मिळ आहेत ती काही ठरावीक डायलची, थोड्याच संख्येने निघालेली मॉडेल्स, आणि ज्यांचा एकही भाग बदललेला नाही अशी घड्याळे. जाहिरातींत मात्र सगळीच दुर्मिळ असतात.

जुन्या घड्याळाला मोठी किंमत येऊच नये असे माझे म्हणणे नाही. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचे झेनिथचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट यांचा लिलाव झाला. विजय मल्ल्यांनी ते सगळे अठरा लाख डॉलरला घेतले. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथेच अभिनेता पॉल न्यूमनचे रोलेक्स पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेले. हे आकडे ऐकून गरगरायला होते. पण तिथे घेणाऱ्याला घड्याळ कोणाचे, कोणाकडून कोणाकडे आले, याचा पुरावा मिळतो. किंमत त्या पुराव्याची असते. आमच्या 'जनता'च्या जाहिरातीत १९६५ हे साल कुठून आले, असे भाच्याने नंतर विचारले, तेव्हा विकणाऱ्याने उत्तर दिले, "अंदाजे."

दुसरी गोष्ट डायलची. जुन्या घड्याळांचे जगभरातले शौकीन अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचे नाव अशा कामासाठी वापरले जाते याचे मला वाईट वाटते, कारण हे काम करणारे कारागीर मुळात लबाड नाहीत. परदेशी मालावर निर्बंध होते त्या काळात जुने घड्याळ चालू ठेवायचे तर त्याच घड्याळावर हात चालवावा लागे. डायल खराब झाली की पुसून पुन्हा रंगवायची, एका मेलेल्या घड्याळाचे चाक दुसऱ्यात बसवायचे. ही गरिबाची कारागिरी होती आणि तिच्यामुळे कितीतरी मनगटांवरची घड्याळे चालत राहिली. रंगवलेली डायल 'रंगवलेली' म्हणून विकली तर कोणाची काय तक्रार? मला स्वतःला तसले घड्याळ घालायला आवडेल. खोट येते ती त्याच डायलखाली 'ओरिजिनल' लिहिले जाते तेव्हा. पैसे मिळतात जाहिरात लिहिणाऱ्याला, नाव खराब होते कारागिराचे.

आमच्या आजऱ्यात हे दुखणे नवीन नाही. आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. का घ्यावे लागले ते इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. घनसाळच्या नावाखाली दुसराच तांदूळ खपतो आणि खऱ्या घनसाळवाल्याला आपला माल खरा आहे हे गिऱ्हाइकाला पटवत बसावे लागते. तांदळाचे एक बरे असते, शिजवला की वासावरून कळतो. घड्याळ उघडल्याशिवाय कळत नाही आणि फोनवर ते उघडता येत नाही.

म्हणूनच बाजारात पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालचा दाणा वर काढणारी आमची जुनी माणसे मला शहाणी वाटतात. हदीसमध्ये असाच एक प्रसंग आहे. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारले ते इतकेच, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? ओले धान्य विकायला त्यांनी मना केली नाही, ते झाकायला केली. आणि घेण्याची इच्छा नसताना नुसता भाव चढवायला बोली लावणे, ज्याला नजश म्हणतात, तेही त्यांनी मना केले आहे. लिलाव मात्र चालतो, खुद्द त्यांनीच एका गरजवंताच्या वस्तूंचा केल्याचे आपण वाचले आहे.

ही नजशची गोष्ट मी उगाच काढलेली नाही. भाच्याच्या लिलावात सुरुवात नऊशेवरून झाली होती. एक गिऱ्हाईक त्याच्या प्रत्येक बोलीवर शंभर-दोनशे चढवत गेले आणि सहा हजार तीनशेला थांबले. नंतर भाच्याने त्याच विक्रेत्याचे बाकीचे लिलाव पाहिले. तेच गिऱ्हाईक प्रत्येक ठिकाणी होते, प्रत्येक ठिकाणी शेवटपर्यंत चढत होते आणि प्रत्येक ठिकाणी हरत होते. कोर्टात टिकेल असा पुरावा माझ्याकडे नाही, पण इतके दुर्दैवी गिऱ्हाईक मी तरी पाहिलेले नाही.

यावर एक मित्र म्हणाला, "ज्याच्याकडे पैसे आहेत तो घेतो. हौसेला मोल नसते. तुझे काय जाते?"

जाते ते सांगतो. ही घड्याळे श्रीमंत शौकीन फसून घेत नाहीत, त्यांना पारख असते. फसतो तो ज्याला घड्याळातले काही कळत नाही, पण बाप आठवतो. त्याला शंका येत नाही, कारण शंका घ्यावी असे त्याला वाटतच नसते. आणि दुसऱ्या टोकालाही माणूस फसतो. पंचवीस हजार मागितलेली जाहिरात बघून आमच्या गल्लीतला एक पोरगा आजोबांचे घड्याळ घेऊन काकांकडे आला होता. कॉलेजची फी निघेल अशा हिशोबाने. काकांनी हजार रुपये सांगितले तेव्हा त्याला वाटले काकाच लुबाडतायत. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पंचवीस हजार मागायला पैसे पडत नाहीत. चाळीस वर्षांच्या इमानदार माणसावर मात्र फुकटचा संशय आला.

विक्रेत्याने नफा घ्यावा. गावोगाव फिरून घड्याळे गोळा करणे, साफ करणे, चालू करणे, फोटो काढणे, पाठवणे यात मेहनत आहे. सातशेचे घड्याळ दीड हजाराला विकले तरी मी तक्रार करणार नाही. पण जाहिरातीत चार गोष्टी लिहाव्यात: डायल मूळची की रंगवलेली, मशीन एका घड्याळाचे की जमवलेले, बॉडी कुठली, आणि साल कशावरून. लिलाव चालवणाऱ्या कंपन्यांनी झाकण उघडलेला फोटो सक्तीचा करावा आणि एकाच विक्रेत्याकडे पुन्हा पुन्हा हरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जरा लक्ष द्यावे. हे त्यांना दिसत नसेल असे मला वाटत नाही.

आणि घेणाऱ्यांना माझे सांगणे: मशीनचा फोटो मागा. "डायल ओरिजिनल आहे का" हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. लोक काय मागतात ते बघू नका, कितीला विकली गेली ते बघा. त्याआधी घरातले कपाट उघडा. तिथे बंद पडलेले घड्याळ असेल तर गावातल्या घड्याळवाल्याकडे न्या. तीन-चारशे रुपयांत सर्व्हिसिंग होईल आणि तुमच्याकडचे घड्याळ खरोखर तुमच्याच बापाचे असेल.

आमच्या घड्याळाचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. विक्रेत्याने "जुनी वस्तू परत घेत नाही" म्हणून हात वर केले. अम्मीला आम्ही खरे सांगितले. ती म्हणाली, "पोरानं आणलं, पोचलं मला," आणि घड्याळ भाच्याकडे परत दिले. पुढच्या आठवड्यात भाच्याने तेच घड्याळ लिलावाला टाकायची तयारी केली. मजकूर मला दाखवला. जसाच्या तसा तोच: "शंभर टक्के ओरिजिनल, अतिदुर्मिळ."

"मामू, मला तसंच विकलं ना? माझे पैसे तरी निघू देत."

मी रागावलो नाही. पैसे त्याच्या पगारातून गेले होते आणि त्याचा पगार मोठा नाही. पण मी त्याला शेजारी बसवले आणि काकांनी सांगितलेले सगळे त्याच्याच हाताने लिहायला लावले. रंगवलेली डायल, जमवलेले मशीन, चार मिनिटे मागे. झाकण उघडून फोटो काढला. बोली साडेसातशेवर थांबली. काकांचा अंदाज बरोबर निघाला.

टपाल धरून पाच हजार आठशेचा तोटा. भाचा अजून कुरकुरतो, "मामू, खरं बोलणं महाग पडलं." पडले, खरेच पडले. पण तो तोटा आमच्या घरात थांबला. आम्ही तोच मजकूर टाकला असता, तर तो आणखी कोणाच्या तरी पोराच्या पगारातून गेला असता, आणि त्यालाही बहुतेक बापाचेच घड्याळ हवे असते.